गाण्यातला बैल

टाळ्या ओसरल्या तसा काउबॉय हॅट घातलेला एक म्हातारा राफाएलजवळ आला आणि खांद्यावर थाप मारून म्हणाला,

"मोरीनचं गाणं झकास म्हटलंस. पण तिथे बैल नाही, घोडा आहे."

राफाएल खाली मान घालून गिटार पेटीत ठेवत राहिला. गाणं त्याचं स्वतःचं होतं. ऐंशी सालच्या हिवाळ्यात लंडनजवळच्या इल्फर्डच्या या कंट्री संगीताच्या क्लबसाठी त्याने ते इंग्रजीत रचलं होतं. त्यात होता कोकणातला आजोबांचा तेलाचा घाणा, तो ओढणारा बैल, आणि घाणा मोडून काढल्यावरही अंगणात गोल फिरत राहिलेला तो मुका जीव.

क्लबने काढलेली कॅसेट मोरीन नावाच्या आयरिश गायिकेच्या हाती पडली. तिने परवानगी मागितली, याने हुरळून दिली. तिने बैलाचा घोडा केला आणि गाणं रेडिओवर गेलं. पुढे ग्लासगोच्या एका बँडने घोड्याचा ट्रक केला. ट्रकचं राफाएलला हसू आलं. घोडा मात्र त्याच्या डोक्यातून जाईना. तो रेडिओवर आला की राफाएल स्वयंपाकघरात येऊन खटकन बटण फिरवायचा. सिमा, त्याची बायको, कांदा चिरत राहायची.

एक्याण्णव साली मोरीन स्वतः क्लबात गायला आली. राफाएल हाताची घडी घालून बसला. तिच्या आवाजात कुठे खोट सापडते का ते तो कान देऊन ऐकत होता. सापडेना. शेवटच्या कडव्याला शेजारी पाहिलं, तर सिमा रुमालाने डोळे टिपत होती.

"मी गातो तेव्हा तुला कधी रडू आलं नाही," तो म्हणाला.

"तुम्ही गाता तेव्हा माझा सगळा जीव शब्दांवर असतो. मध्येच विसरलात तर?"

तेवढ्यात मोरीनच त्यांच्या टेबलाशी आली आणि दोन्ही हातांनी तिने त्याचा हात धरला. राफाएलने तो हळूच सोडवून घेतला.

"माझ्या बैलाने काय घोडं मारलं होतं तुमचं?" असं त्याच्या मनात आलं. इंग्रजीत तो एवढंच म्हणाला, "घोडा का केलात?"

"बैल मी कधी पाहिलाच नव्हता. खोटं गायला जमेना." मोरीन उभ्यानेच एका खुर्चीच्या पाठीला टेकली. "ट्रॅक्टर आला तेव्हा वडिलांनी आमचा घोडा विकला. बाजारात नेताना दोर माझ्या हातात होता." मग तिने आस्थेने विचारलं, "तुमचा बैल कोणत्या रंगाचा होता?"

राफाएलचा जन्म भायखळ्याचा. घाणा, बैल, अंगण, सगळं वडिलांच्या तोंडून ऐकलेलं. रंग त्यांनी सांगितला नव्हता, यानेही कधी विचारला नव्हता.

सिमा त्याच्याकडे बघत होती.

त्याने समोरची खुर्ची मोरीनसाठी ओढली.

"बसा," तो म्हणाला. "आधी तुमच्या घोड्याचं सांगा."