नष्ट केल्याचा दाखला

माझ्या दिरांना पाण्यातली रोपं वाढवता येत नाहीत, हे आमच्या घरातल्या माशांनासुद्धा माहीत आहे. बाहेरच्या जगाला मात्र ते कळायला एक विमानप्रवास लागला.

तांबूस पानांचं ते रोप मी अकरा वर्षं वाढवलं. मागच्या खोलीत, लोखंडी मांडणीवर, सोळा टाक्यांमध्ये. बाजारातून आणलेल्या साध्या हिरव्या रोपाला एकदा एकच फांदी तांबडी फुटली. ती मी खुडून वेगळी लावली. तिच्यातून तांबडं निघालं ते ठेवलं, हिरवं निघालं ते फेकलं. अकरा वर्षं हेच केलं. दिवा किती तास, पाणी किती गरम, सगळं वहीत आहे. नवरा म्हणायचा, "हिला माझ्यापेक्षा त्या रोपांचा ताप आधी कळतो." बरोबरच होतं त्याचं.

दीर वरच्या मजल्यावर राहतात. खोलीत यायचे ते फोटो काढायला. गेल्या वर्षी मला न विचारता चार रोपं एका प्रदर्शनाला घेऊन गेले आणि चषक घेऊन आले. मुलाखतीचा व्हिडिओ झाडून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. त्यात कुणीतरी विचारतं, घरच्यांची मदत होते का? दीर हसून सांगतात, "वहिनी आहेत ना. पाणीबिणी बदलतात. त्यांना त्यातलं काही कळत नाही, पण मन लावून करतात."

मन लावून. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. तो चषक वर नाही ठेवला त्यांनी, खाली जिन्याजवळ ठेवला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून.

"घरातलंच आहे ना सगळं," नवरा म्हणाला. "नाव कुणाचं का असेना."

"मग तुझ्या दुकानाच्या पाटीवर लाव की त्यांचं नाव," मी म्हटलं. त्यानंतर त्याने या विषयात तोंड घातलं नाही.

यंदा त्याहून मोठं प्रदर्शन होतं, समुद्रापलीकडच्या देशात. तिथे रोपाची कायमची नोंद होणार होती आणि रोपाला दिरांचं नाव मिळणार होतं. एकदा ते छापलं गेलं की ब्रह्मदेव आला तरी बदलणार नाही. रोपं तयार करून द्यायची होती अर्थात मीच.

तो देश नियमांचा कडक. बाहेरचं पान आलं तरी भिंगाखाली धरतात, आणि बरोबर करतात. मुळाला चिकटून गोगलगायीची चार अंडी गेली, ती कुणाच्या टाकीतून ओढ्यात पोचली, की मग ती गोगलगाय कुणाच्या बापाला आवरत नाही. मी प्रत्येक मुळाची माती ब्रशने काढली. रोपं तुरटीच्या पाण्यात तीन तास बुडवली, मग एकवीस दिवस वेगळ्या टबात ठेवली आणि रोज सकाळी भिंग घेऊन बसले.

मनात आलंच नाही असं नाही. एका मुळाशी अंडी राहू दिली असती तर काम झालं असतं. पण तपासणाऱ्याची नजर चुकली असती तर? तिथल्या ओढ्याने माझं काय वाकडं केलं होतं? माझं भांडण वरच्या मजल्याशी होतं.

निघायच्या आदल्या दिवशी दीर खाली आले. एक फांदी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेच्या बाटलीत ठेवली होती. ती त्यांनी बरोबर हेरली.

"ही कशाला मागे ठेवलीत?"

"अशीच."

"नको वहिनी. एकही राहायला नको इथे. उद्या कुणी चोरून नेली तर?"

चोरून. हे त्यांनी माझ्या डोळ्यांत बघून म्हटलं, आणि फांदी ओल्या कागदात गुंडाळून डब्यात टाकली. ज्याच्यातून बाकीची सगळी काढली ते आईरोप आधीच त्यात गेलं होतं. एकूण एक्केचाळीस.

मग फॉर्म भरायला मी बसले, कारण दिरांना भरता येत नाही. एक ओळ मोठ्याने वाचली. "ही रोपं मी स्वतः वाढवली आहेत. हे खोटं ठरल्यास रोपं नष्ट केली जातील." पुन्हा वाचली, सावकाश. "वाढवणारा कोण लिहू, भाऊजी?"

"कोण म्हणजे? मीच." मोबाइलवरून मानही वर केली नाही. "सही कुठे करू ते दाखवा."

मी दाखवलं. पुढच्या पानावर रोपं कशी स्वच्छ केली ते लिहायचं होतं. तुरटी किती, तास किती, दिवस किती, मी सगळं खरं लिहिलं. ते पान त्यांनी उलटून पाहिलं नाही आणि मीही पाहा म्हटलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला.

"वहिनी, विमानतळावर जरा अडकलोय. रोपं कशात धुतली विचारत होते. मी म्हटलं नळाखाली. कागदावर भलतंच आहे म्हणे." मग आवाज खाली आला. "तुम्ही एवढंच सांगा, मी सांगत गेलो नि तुम्ही लिहीत गेलात. म्हणजे सोडतील. नाहीतर सगळी जाळतील हो."

फोन एका बाईंच्या हातात गेला. तपासणी अधिकारी होत्या. शांत आवाज, मला कळेल असं सावकाश इंग्रजी.

"कागदावरचं अक्षर तुमचं?"

"हो."

"रोपं कुणी वाढवली?"

अकरा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. 'भाऊजींनी' म्हटलं असतं तर एक्केचाळीसही रोपं जगली असती, त्यांच्या नावाने, जगभरच्या टाक्यांत. 'मी' म्हटलं की सगळी भट्टीत. फार विचार केला असं सांगितलं तर ते खोटं होईल.

"मी," मी म्हटलं. "त्यांना त्यातलं काही कळत नाही. पण फोटो मन लावून काढतात."

मागून "वहिनी, अहो वहिनी" ऐकू आलं.

"म्हणजे त्यांनी खोटं लिहून दिलंय," बाई म्हणाल्या. "त्यांच्यावर कारवाई होईल, आणि रोपं नष्ट करावी लागतील. याची कल्पना आहे ना तुम्हाला?"

"आहे. ती ओळ मीच त्यांना दोनदा वाचून दाखवली होती."

"फार सुंदर आहेत हो रोपं," त्या म्हणाल्या. हे त्यांनी बोलायला नको होतं. "नष्ट केल्याच्या दाखल्यावर वाढवणाऱ्याचं नाव घालावं लागतं. सावकाश सांगा."

मी सांगितलं. आडनावासकट, एकेक अक्षर.

मग मागच्या खोलीत जाऊन रिकाम्या टाक्यांचे दिवे बंद केले आणि पोटभर रडले. आईरोपासाठी रडले, खिडकीतल्या फांदीसाठी जास्त. पण तोच फोन पुन्हा आला असता तर तेच उत्तर दिलं असतं.

दीर परत आले ते हात हलवत. दंड भरला, प्रदर्शनातून नाव कायमचं काढलं गेलं. महिन्याभराने दाखला माझ्या नावाने पोस्टाने आला. नष्ट केलेली रोपं, एक्केचाळीस. वाढवणारी, आणि पुढे माझं नाव. त्या रोपाशेजारी माझं नाव छापलेला जगात तेवढा एकच कागद आहे.

मी तो काचेच्या चौकटीत बसवून घेतला आणि जिन्याजवळ टांगला, चषकाच्या बरोबर वर. भाऊजींना रोज त्याच्यासमोरून जावं लागतं. काच मी रोज सकाळी पुसते, मन लावून.