सात नंबरच्या खाटेचा खटका

मी घंटीचा खटका बोलतोय. डोंबिवली पश्चिमेच्या एका खाजगी इस्पितळात, सात नंबरच्या खाटेच्या उशाशी वायरीला लोंबतोय. मला दाबलं की नर्सच्या खोलीत घंटी वाजते आणि सात आकड्याचा दिवा लागतो.

सत्त्याऐंशी साली मोठे डॉक्टर कुठल्याशा परिषदेहून पाच वर्षांची योजना घेऊन आले. 'प्रत्येक हाकेला दोन मिनिटांत नर्स' हे तिचं पहिलं कलम. आठवड्याभरात वीस खाटांना आम्ही वीस खटके लागलो. नर्स मात्र तीनच राहिल्या.

घंटी थांबेना. शालन सिस्टर मीटिंगमध्ये म्हणाली, "सर, माणसं वाढवा. तिघी कुठे कुठे धावणार?"

"आधी योजना चालवून दाखवा, मग बघू."

त्या संध्याकाळी शालनने रडत रडत आमची मुख्य तार उपटली. महिनाअखेर अहवालात आलं: हाका कमी झाल्या, योजना यशस्वी. डॉक्टरांनी पेढे वाटले.

मग कोपरच्या खाडीकाठची मनुबाई कोळीण दम्याने दाखल झाली. मासळी कापून कापून अंगठा खरखरीत झालेला. एका दुपारी तीनला तिला धाप लागली. तिने मला दाबलं. थांबून पुन्हा दाबलं. मग दाबूनच धरलं. "पोरी, ये गो..." एवढंच पुटपुटली. शालन आली तेव्हा अंगठा माझ्यावरच होता, गार पडलेला.

दुसऱ्या दिवशी खाट रिकामी, चादर बदललेली. तीन वाजता तोच खरखरीत अंगठा माझ्यावर टेकला. एकदा. दोनदा. मग दाबूनच. तार उपटलेली, तरी सातचा दिवा लागला. शालन धावत आली. मी आपोआप दबलेला पाहून माझ्यावर वाकली.

"आले गं मावशी, आले," ती म्हणाली. तेव्हा कुठे अंगठा सुटला.

तिने तार जोडली आणि दुसऱ्या दिवशी तीनला डॉक्टरांनाच नर्सच्या खोलीत बसवलं. दिवा लागल्यावर म्हणाली, "सर, आज तुम्ही जा."

डॉक्टर हसत माझ्यापाशी आले. परतताना हसत नव्हते. आठवड्यात पाच नव्या नर्स आल्या. मनुबाईचा अंगठा पुन्हा आला नाही.

चार वर्षं बरी गेली. मग शालन ठाण्याला गेली. डॉक्टरांनी दुसरी इमारत बांधायची नवी योजना आणली, नर्स तिकडे हलवल्या. तार पुन्हा कुणीतरी काढली.

आज त्र्याण्णव साल आहे. काल दुपारी रिकाम्या खाटेवरून एक अंगठा माझ्यावर टेकला. मऊ, इवलासा. माझ्या खाटेवर तर कुणी लेकरू गेलं नाही; कुठल्या खाटेवर हाका मारत गेलं, कोण जाणे. माणसांनो, योजना खुशाल करा, पण हाकेला यायला कुणी आहे का, तेवढं आधी बघा. त्या लेकराला अजून कुणी 'आले' म्हटलेलं नाही. अंगठा सुटलेला नाही.