खांद्याच्या वरची भिंत

कापडाचं दुकान बंद झालं तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. बावीस वर्षं मी तिथे कापड मापून दिलं होतं. त्याखेरीज आपल्याला दुसरं काही येतं असं मला वाटत नव्हतं. तीन महिने घरात बसून काढल्यावर एक दिवस माझ्या धाकट्या भावाची बायको आली आणि म्हणाली, "वन्सं, माझ्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलाशी बसाल का? पेशंट बघू की फोन उचलू, असं झालंय मला."

मला कुणाची दया नको होती, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने लगेच सांगून टाकलं की काम किचकट आहे, आधीच्या दोघी कंटाळून सोडून गेल्या, आणि त्यातलं मुख्य काम म्हणजे विमा कंपन्यांशी भांडणं. भांडण म्हटल्यावर मी हो म्हणाले. नणंद होते, सराव असायला हवा होता. वहिनीशी मात्र तो कधी करायला मिळाला नव्हता, इतकी ती सरळ.

वहिनी फिजिओथेरपिस्ट. चष्म्याच्या दुकानाच्या वर दोन खोल्या, आतल्या खोलीत दोन पलंग, एक सायकल, भिंतीला टांगलेले रबराचे पट्टे. जिना पंधरा पायऱ्यांचा. गुडघ्याचे पेशंट वर येईपर्यंत धापा टाकत आणि म्हणत, "मॅडम, तुमचा अर्धा उपचार जिन्यातच झाला."

पहिल्या महिन्यातच मला कळलं की आधीच्या दोघी का गेल्या. डॉक्टर लिहून देत की याला वीस सेशन लागतील. कंपनी मंजूर करी आठ. आठ झाल्यावर पुन्हा अर्ज करायचा, त्याला कागद जोडायचे, मग कंपनी म्हणे की अमुक कागद नाही. तो पाठवला की म्हणे, मुदत उलटली. फोन केला की गाणं लागे. त्या गाण्याचं प्रत्येक कडवं मला पाठ झालं होतं. भाजी निवडतानाही ते गुणगुणायला लागले तेव्हा माझा भाऊ म्हणाला, "ताई, तू आता त्यांचीच झालीस."

भावाचं म्हणणं एकच होतं. विमावाले पेशंट घेणंच बंद करा, जे स्वतः देतील तेवढेच घ्या. बऱ्याच दवाखान्यांनी तसं केलंही होतं. वहिनी त्याच्याशी वाद घालत नसे. फक्त म्हणे, "मग पेंटरकाका कुठे जातील?"

पेंटरकाका म्हणजे घरं रंगवणारे आमचे एक पेशंट. पन्नाशीचे, सडपातळ, बोलायला कमी. शिडीवरून पडले आणि उजव्या खांद्याचा स्नायू फाटला. ऑपरेशनचा खर्च कंपनीने निमूट दिला. पण ऑपरेशननंतर तो हात पुन्हा वर जायला जे दिवस लागतात, ते मात्र तिने मोजून आठच दिले. या आठ सेशनमध्ये काकांचा हात कमरेपासून खांद्यापर्यंत आला. ते स्वतः शर्ट घालू लागले, स्वतः जेवू लागले. पण खांद्याच्या वर हात टिकेना. वहिनीने आणखी दहा सेशन मागितली.

बारा दिवसांनी पत्र आलं. मी ते उघडलं, वाचलं, आणि आत नेऊन वहिनीच्या हातात दिलं. त्यात लिहिलं होतं, 'उपचारकांच्या नोंदींनुसार रुग्णाची प्रगती उत्तम आहे. रुग्ण दैनंदिन कामे स्वतः करू शकतो. सबब पुढील उपचारांची वैद्यकीय गरज दिसून येत नाही.'

"कंपनीने हात वर केले," मी म्हणाले.

वहिनी हसली नाही. ती पलंगाच्या कडेला बसली. "हे माझेच शब्द आहेत, वन्सं. 'प्रगती उत्तम' हे मीच लिहिलंय. दर वेळी लिहिते. पेशंटला बरं वाटतं, मलाही बरं वाटतं. आता त्याच शब्दांनी त्यांची वाट अडवली."

तिने वाईट काही लिहिलं नव्हतं. कंपनीनेही खोटं काही लिहिलं नव्हतं. माणूस मात्र मधल्या मध्ये अडकला होता.

काकांना फोनवर सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "बरं. जेवढं झालं तेवढं खूप झालं." वहिनी म्हणाली, तुम्ही या, कंपनीचं आम्ही बघू. ते हो म्हणाले आणि गुरुवारी आले नाहीत. पुढच्या सोमवारीही आले नाहीत. फोन वाजत राहिला.

मंगळवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. बायकोने दार उघडलं. ती म्हणाली, "ते कामावर गेलेत." मला आनंद झाला, पण तिच्या चेहऱ्यावर तो दिसेना. तिने पत्ता दिला. चार मजली इमारत होती, जुनी, आणि जिन्याचं रंगकाम चाललं होतं.

खालच्या मजल्यावर पाऊल टाकलं आणि मी थबकले. जिन्याच्या भिंतीला नवा फिकट हिरवा रंग लागला होता, पण फक्त खालच्या भागात. वरच्या भागात जुना, धुरकट पिवळा तसाच होता. दोन रंगांमध्ये एक रेघ होती, माझ्या डोळ्यांच्या किंचित वर, आणि ती रेघ भिंतीबरोबर वर वर चढत गेली होती. मी तिच्या मागोमाग चढत गेले. तिसऱ्या मजल्यावर काका भेटले. ब्रश उजव्या हातात होता, आणि डाव्या हाताने ते उजवं कोपर खालून उचलून धरत होते.

मला पाहून त्यांनी ब्रश खाली ठेवला. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला.

"वरचं कोण करणार?" मी विचारलं.

"मेव्हणा येतो संध्याकाळी. त्याचं काम सुटल्यावर." मग म्हणाले, "मॅडमना सांगू नका. त्यांनी एवढी मेहनत घेतली माझ्यावर. त्यांना वाटेल, सगळं वाया गेलं."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. पंधरा पायऱ्यांची सवय होती, पण तीन मजले जास्तच झाले होते. समोर ती रेघ होती. बावीस वर्षं ज्या बाईने मापं घेतली, तिच्या पर्समध्ये टेप असतेच. मी उठले, टेप काढली आणि काकांना म्हणाले, "हे टोक जमिनीला धरा."

"कशाला?"

"धरा तर."

एक मीटर पंचावन्न सेंटिमीटर. दुसऱ्या ठिकाणी एक त्रेपन्न. दुसऱ्या मजल्यावर, जिथे त्यांनी सकाळी ताज्या हाताने सुरुवात केली होती, तिथे एक अठ्ठावन्न. मी टेपसकट फोटो काढले, सात-आठ. मग काकांना विचारलं, की या रेघेच्या वर ब्रश धरला तर किती वेळ टिकतो. त्यांनी धरून दाखवला. मी मनात आकडे मोजले. अकराला हात थरथरला, चौदाला खाली आला. त्यांच्या कपाळावर घाम होता.

दवाखान्यात आल्यावर मी वहिनीला फोटो दाखवले. मला वाटलं होतं ती रडेल. ती फोन हातात घेऊन खुर्चीत बसली आणि एकेक फोटो मोठा करून पाहू लागली.

"मी इथे त्यांचा हात किती अंश वर जातो ते मोजते," ती म्हणाली. "पलंगावर झोपवून. ब्रश हातात नसताना. त्यांना काय काम करायचंय, ते मी कुठे लिहिलंच नाही."

तिने जुनी फाइल काढली. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'स्वयंरोजगार'. ते अक्षर माझं होतं. मी ते तिला दाखवलं आणि म्हणाले, "चला, दोघी मिळून चुकलो."

त्या संध्याकाळी आम्ही अपील लिहिलं. वहिनी सांगत होती, मी टाइप करत होते. तिने 'उत्तम' हा शब्द एकदाही वापरला नाही. लिहिलं की रुग्ण घरं रंगवतो. त्याला दिवसाचे सहा तास हात डोक्याच्या वर धरावा लागतो. सध्या तो चौदा सेकंद धरू शकतो. सोबत भिंतीचे फोटो. शेवटी मी एक वाक्य घालायचा हट्ट धरला, की छत हे भिंतीच्या वर असतं. वहिनीने ते खोडलं.

मग पुन्हा गाणं ऐकणं सुरू झालं. नऊ फोन झाले. दहाव्या दिवशी दुपारी टेबलावरचा फोन वाजला आणि पलीकडून एक थकलेला, घोगरा आवाज म्हणाला, "मी विमा कंपनीतून डॉक्टर बोलतोय. त्या भिंतीचे फोटो कुणी काढले?"

"मी काढले. काही चुकलं का?"

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"मी नणंद आहे," मी म्हणाले. दुसरं काही आठवेना.

पलीकडे खोकला ऐकू आला. तो खोकला होता की हसू, ते कळलं नाही. मी फोन आत नेला आणि वहिनीसाठी स्पीकर लावला.

"बाई," ते वहिनीला म्हणाले, "माझ्यापुढे रोज साठ फाइली येतात. त्यातल्या पन्नासांत लिहिलेलं असतं, प्रगती उत्तम. ज्याची प्रगती उत्तम आहे त्याला मी आणखी दहा सेशन कुठल्या तोंडाने देऊ? माझ्याही वर कुणी बसलंय. त्यांना दाखवायला माझ्या हातात काहीतरी असावं लागतं."

"आता आहे का?" वहिनीने विचारलं.

"आता आहे. दहा मंजूर करतो. मात्र पाच झाल्यावर मला आकडे पाठवा. अंश नकोत. ब्रश किती वेळ वर राहतो, तेवढं सांगा." मग म्हणाले, "आणि बाकीच्या फाइलीही अशाच लिहा. मला काम करणं सोपं जाईल."

वहिनीने फोन ठेवला आणि मला मिठी मारली. आमच्या घरात मिठ्या मारायची सवय नाही. दोघींनाही हात कुठे ठेवायचे ते कळेना.

काका बुधवारी आले. वहिनीने त्यांना झालेलं सगळं सांगितलं, त्यांच्या भिंतीचीच साक्ष कामी आली हेही सांगितलं. ते म्हणाले, "ती भिंत मला लाजेची वाटत होती." वहिनी म्हणाली, "माझ्या नोंदींपेक्षा ती भिंत खरं बोलली." आतल्या खोलीत तिने एक लांब दांड्याचा रोलर आणून ठेवला होता. कोरडाच. तो हातात आल्यावर काकांचा चेहरा पहिल्यांदा पेशंटचा न राहता कारागिराचा झाला.

पाचव्या सेशनला पन्नास सेकंद. आठव्याला दोन मिनिटं. दहाव्याला चार मिनिटं, आणि मग विश्रांती घेऊन पुन्हा चार. खांदा पूर्ण बरा झाला असं म्हणता येणार नाही. थंडीच्या दिवसांत अजून ठणकतो. पण मेव्हण्याला आता बोलावावं लागत नाही.

बाकीच्या फाइलीही आम्ही नव्याने लिहिल्या. शिक्षिकेच्या पाठीचं लिहिलं, ती फळ्यापुढे किती मिनिटं उभी राहू शकते. बेकरीवाल्याच्या मनगटाचं लिहिलं, तो किती किलो कणीक मळू शकतो. दोघांचं मंजूर झालं. एका आजीबाईंचं मात्र दोनदा अपील करूनही झालं नाही. 'वयोमानानुसार' असा शब्द लिहून आला. वहिनी त्यांना तरीही बोलावते. त्या येताना मला दर वेळी सांगतात, "मी वयोमानानुसार जिना चढले गं."

पुढे एकदा मला वाटलं, त्या डॉक्टरांना धन्यवाद म्हणावं. मी कंपनीला फोन लावला. यंत्र म्हणालं, नव्या क्लेमसाठी एक दाबा, अर्जाच्या स्थितीसाठी दोन, कागदपत्रांसाठी तीन, नूतनीकरणासाठी चार, तक्रारीसाठी पाच. धन्यवादासाठी काहीच नव्हतं. मी पाच दाबलं. गाणं लागलं, मी ते गाणाऱ्या बाईबरोबर शेवटपर्यंत म्हटलं, आणि मग एक तरुण मुलगी आली.

"तुमचा तक्रार क्रमांक सांगा."

"तक्रार नाहीये. मला तुमच्या एका डॉक्टरांचे आभार मानायचेत."

ती हळूच म्हणाली, "मॅडम, माझ्या स्क्रीनवर तसा रकाना नाही. मला काहीतरी निवडावंच लागतं, नाहीतर फोन बंद करता येत नाही."

"मग 'इतर' लिहा. लिहा, की पेंटरचा हात वर गेला."

ती लिहिताना कळांचा आवाज येत होता. निरोप पोचवते म्हणाली. मग तिने आवाज आणखी खाली घेतला. "तुमच्याकडे फिजिओ आहेत ना? मी दिवसाला आठ तास बसते. मान वळवली की कट्‌कन वाजतं. काय करू?"

मी फोन वहिनीला दिला. तिचा पेशंट सायकलवर होता. तिने त्याला चालू ठेवायला सांगितलं आणि फोनवर म्हणाली, "आधी उभी राहा. वायर पुरते का? बरं. आता खांदे कानांपर्यंत घे आणि सोड. सावकाश. मी मोजते."

तिने दहापर्यंत मोजलं. मग विचारलं, "कसं वाटतंय?" आणि उत्तर ऐकून म्हणाली, "नाही, बरं वाटतंय एवढंच नको. मान आधीपेक्षा किती वळते, ते सांग."