कुंकवाखालची चीर

मित्रांनो, मी लोखंडाचा एक हुक आहे, किंवा होतो म्हणा. भांडुपच्या एका कारखान्यात तुळईला चेन-पुली टांगलेली असे आणि तिच्या टोकाला मी. जड साचे उचलायचे आणि अलगद उतरवायचे, हे माझं काम. आता माझे दोन तुकडे झाले आहेत. सांगताना माझा आवाज चढला तर क्षमा करा. वर्ष उलटलं, तरी माझा राग उतरलेला नाही.

मला भट्टीत लाल करून घणाखाली ठोकलं, तेव्हाही दुखलं होतं. पण ते दुखणं घडण्याचं होतं, त्याची तक्रार नाही. नंतर कित्येक वर्षं मी सुखात होतो. ओझं आलं की किंचित ताणला जायचो, उतरलं की होतो तसा व्हायचो. पोलादाचा हा गुण आहे, तसा तुमच्या अंगाचाही आहे. धावलात की छाती धडधडते, बसलात की शांत होते. ताण वाईट नसतो, मुलांनो. ताण उतरूच द्यायचा नाही, हे वाईट.

माझी साखळी ओढायचा धाकू. कोकणातला माणूस, आधी गिरणीत होता. संपानंतर गिरणी सुटली आणि तो इथे आला. हेही काम गेलं तर, या धास्तीने तो दिवसपाळी संपवून पुन्हा रात्रपाळीला उभा राही. मालक नंदकिशोरशेठ त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणत, "आपला वाघ आहे वाघ!" माझंही कौतुक व्हायचं. "जुनं लोखंड, दगा देणार नाही," असं म्हणायचं आणि मला झेपेल त्याहून जड साचा माझ्या गळ्यात अडकवायचा. असल्या कौतुकाला जाळायचंय काय?

माझ्या आतल्या वळणावर, जिथे ओझं टेकतं तिथे, एक चीर पडली. केसाहून बारीक. प्रत्येक ओझ्याने ती जराशी पुढे सरके आणि ओझं उतरलं तरी मागे येत नसे. लोखंड ओरडत नाही, म्हणून कोणाला कळत नाही.

धाकूही ओरडत नव्हता. त्याची झोप गेली, मध्येच डोळ्यांपुढे अंधारी येई. डॉक्टरांनी ब्लडप्रेशर सांगितलं. माणूस सतत धास्तीत राहिला की हृदय जोर करत राहतं, रक्तवाहिन्या ताठतात, शरीरातल्या पेशींना झीज भरून काढायला उसंत मिळत नाही. "विश्रांती घ्या," डॉक्टर म्हणाले. ती कुठून घेणार? त्याची बायको सगुणा सोमवार धरी, संकष्टी धरी आणि रोज निघताना त्याच्या कपाळाला अंगारा लावी.

एकदा धाकूने माझ्या उघडत चाललेल्या वळणावरून बोट फिरवलं आणि फोरमन विद्याधरना हाक मारली. "साहेब, ह्येचा तोंड वासलाहा. बदलूक होयो."

"अरे, माल अडकलाय. दसरा होऊ दे, मग बघू."

"साचो पडलो तर बघूक कोण ऱ्हवतलो?"

"तोंडाला आवर घाल जरा. सणासुदीचं काय बोलतोस!"

मग खंडेनवमी आली. या दिवशी हत्यारांची पूजा होते, त्यांना विश्रांती असते. पण त्या वर्षी रात्रपाळी सकाळी पूजेच्या वेळेपर्यंत लांबली. धाकू म्हणाला, "शेठ, घराक जावन आंघोळ करून येतंय."

"नळावर हातपाय धू की! भटजी खोळंबलेत. आणि पूजा झाली की तो साचा उतरवायचाय."

तेव्हा पारोशा अंगाने धाकूने मला चंदेरी रंग दिला. दरवर्षी द्यायचा, तसाच मायेने. रंग सुकल्यावर तेलात कालवलेलं कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. झोपेने तारवटलेल्या डोळ्यांनी हसून म्हणाला, "काय रे, न्हवरो दिसतंस!"

रंग चिरेत उतरला. मागोमाग तेल आणि कुंकूही उतरलं. मी चकाकत होतो आणि आतून फाटत होतो.

दिवाळीच्या तोंडावर साचा हवेत असताना मी तुटलो. धाकूला त्याच क्षणी अंधारी आली होती, उडी मारायला उशीर झाला. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला.

दोन-चार दिवसांनी सगुणा त्याचा डबा आणि कपडे न्यायला आली. शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, वाईट वाटतं. पण धाकूने पारोशाने पूजा केली. देवीचा कोप झाला. त्याला आम्ही काय करणार? आता त्याला पुन्हा कामावर घ्यायचं म्हणजे इतरही घाबरतील."

सगुणा कधी मोठ्याने बोलत नसे. वाकून तिने भंगारातून माझे दोन्ही तुकडे उचलले. तुटल्या जागेचा थोडा भाग ताजा, चमकता होता. उरलेला काळपट होता आणि त्यात चंदेरी रंग होता, लाल कुंकू होतं.

"शेठ, कुंकू आत कसं गेलं?"

तिने तुटलेली बाजू शेठसमोर धरली.

"चीर आधीच होती, म्हणून गेलं. देवीला मध्ये आणू नका. माझा सोमवार आहे, उपाशी तोंडाने सांगते. पारोसा होता म्हणता, आंघोळीला सोडलंत कुठे त्याला?"

विद्याधरनी मान खाली घातली. "मला धाकूने सांगितलं होतं," ते म्हणाले. "मीच दसऱ्यावर ढकललं."

मग कामगार हलले नाहीत. धाकूवरचा ठपका काढून त्याला गेटवर बसून करायचं काम देईपर्यंत एकाही साखळीला कोणी हात लावला नाही.

त्या दिवशी जाताना सगुणाने मला कारखान्यातल्या देवीच्या तसबिरीखाली फळीवर ठेवलं आणि स्वतःशीच पुटपुटली, "मीपण अंगाराच लावत बसले गं आई."

यंदाच्या खंडेनवमीला नवा हुक आधी रॉकेलने धुतला. कापडाने पुसून, उजेडात फिरवून सगळ्यांनी पाहिला. रंग दिलाच नाही. मग कुबड्या टेकत, आंघोळ करून आलेल्या धाकूने त्याला कुंकवाचं एकच बोट लावलं.

मित्रांनो, तुमचे बाबा कामावरून येऊन भिंतीला टेकून गप्प बसत असतील. आई कण्हत कण्हत पोळ्या लाटत असेल. त्यांना वाघ म्हणू नका, देवी म्हणू नका. आधी जवळ बसा आणि कुठे दुखतंय ते विचारा. पाया मग पडा.