बुधवारचा अशक्तपणा

भागीरथेची पाळी चुकली, तेव्हा तिच्या सासूच्या, राहीबाईच्या पदरात काय काय पडायचं होतं ते आधी मांडून घेऊ. एक नातवंड, हे तर झालंच. पण खरी कमाई पुढे होती. भिंतीपलीकडची धाकटी जाऊ शकुबाई हिला चार नातवंडं. तिने पाळणा मुद्दाम मधल्या भिंतीला लागून टांगला होता, कडीची कुरकुर इकडे नीट ऐकू यावी म्हणून. आता तशीच कुरकुर तिकडेही जाणार होती, आणि राहीबाई कडीला तेलाचा थेंब घालणार नव्हती. शिवाय बेल्याच्या आठवडी बाजारात वांगी निवडता निवडता "सुनेचं काही?" म्हणून विचारणाऱ्या बायांना आता निमूट वांगीच निवडावी लागणार होती.

दुसऱ्या बाजूला एवढंच होतं, की याआधी दोनदा भागीरथेला दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं होतं. तीन महिने भरेपर्यंत गोष्ट घराबाहेर काढायची नाही, नजर लागते, ही राहीबाईच्या सासूची ताकीद. ती दोन्ही वेळा अक्षरशः पाळली गेली. गोष्ट बाहेर गेली नाही, औषध आत आलं नाही.

गावात नर्स नव्हती असं नाही. गंगामणी सिस्टर निर्मल गावाकडची, तेलुगू बाई. सात गावं पायी फिरायची आणि दर बुधवारी या गावच्या छोट्या दवाखान्यात बसायची. दुसऱ्या वेळी सगळं उरकल्यावर तिला बोलावलं, तेव्हा ती चिडून म्हणाली होती, "अम्मा, आता बोलावून काय फायदा? पुढच्या वेळी महिना चुकला की त्याच बुधवारी आणा. रक्त बघते, बीपी बघते, गोळ्या देते."

अडचण दवाखान्याच्या जागेची होती. समोर मारुतीचा पार, शेजारी बोअरिंगचा हापसा. बुधवार म्हणजे पोटुशींचा दिवस. त्या दिवशी जी बाई दोन पायऱ्या चढली तिची बातमी, तिने चप्पल काढायच्या आत, गावाच्या शेवटच्या घरी पोचायची.

राहीबाई महिने बाजारावर मोजायची. तेरा बाजार म्हणजे तीन महिने. पाच झाले होते. उरलेले आठ बाजार सून दवाखान्यात तर जावी, पण गेलेली दिसू नये. नवऱ्याला सांगायचा प्रश्नच नव्हता. अमृतरावांच्या पोटात अन्न टिकायचं, गोष्ट नाही. मुलगा व्यंकटेश आदिलाबादला कापसाच्या जिनिंगमध्ये होता, रविवारी यायचा. त्याला तिने शपथ घातली होती.

शेवटी तिने ठरवलं, आजारी आपणच पडायचं.

बुधवारी सकाळी ती सुनेच्या खांद्यावर हात ठेवून निघाली. भार दिसेल इतका टाकला, लागेल इतका नाही. पारावरून नागोराव, गावातल्या एकुलत्या एक जीपचा मालक, ओरडला, "काय झालं व वहिनी?"

"अशक्तपणा, बाप्पा. पायात जीवच नाई."

आत जाताच पायांत जीव आला. तिने दार लोटलं. "सिस्टर, दिवस हिले गेले. पण नाव माह्यं लिहा."

"वय?"

"पन्नास."

गंगामणीने पेन खाली ठेवलं. "अम्मा, पन्नास वर्षांची गर्भार लिहिली तर आदिलाबादहून जीप भरून डॉक्टर येतील. तुम्हाला बघायला नाही, मला."

कार्ड भागीरथेच्याच नावाने झालं. रक्त तपासलं तर सात. "सात!" गंगामणी म्हणाली. "इतक्या कमी रक्तावर कसं चालणार? ह्या लाल गोळ्या रोज. घागर उचलायची नाही, टोपली नाही. आणि दर बुधवारी यायचं." राहीबाईने कार्ड आणि गोळ्या बटव्यात सुपारीच्या खाली दडवल्या आणि कण्हत कण्हत बाहेर आली.

त्या दिवसापासून पाणी राहीबाई भरू लागली, टोपली राहीबाई नेऊ लागली, आणि बुधवार आला की अशक्त राहीबाई होऊ लागली. सहा दिवस दोन दोन घागरी आणि सातव्या दिवशी चालवत नाही, हा कोणता आजार, याचा विचार भिंतीपलीकडे चालूच होता. चौथ्या बुधवारी बटव्यातून सुपारी काढताना एक लाल गोळी खाली पडली. शकुबाईने ती उचलून, उलटसुलट बघून हातात दिली. संध्याकाळी पदराखाली लोणच्याची बरणी घेऊन आली.

"बाई, आमच्यापासून लपवून राह्यल्या?"

राहीबाईने बटव्याची दोरी घट्ट ओढली. "काय लपवून राह्यली?"

"त्या गोळ्या मी चार सुनांच्या... म्हणजे सुना दोन, पण चार बाळंतपणांत पाह्यल्या. अन् लाज कशाची? देवानं या वयात देल्लं तं नाई थोडीच म्हणता येते!"

राहीबाईचं तोंड 'काहीतरीच काय' म्हणायला उघडलं आणि तसंच राहिलं. नाही म्हणावं, तर मग गोळ्या कोणाच्या? घरात दुसरी बाई एकच. बाजार झाले होते नऊ. चार उरले होते. तिने मान खाली घातली.

"कोणाले सांगू नको, शकु."

म्हणजे दिवेलागणीपर्यंत गावभर झालं.

अमृतराव पारावर गेले तर चहाचा पहिला कप त्यांना मिळाला. जन्मात मिळाला नव्हता. नागोरावाने उठून जागा दिली, एकाने तर पाया पडायची तयारी केली. अमृतरावांनी बोटांवर मागचे महिने मोजून पाहिले, काही केल्या जुळेना. पण मिळालेला मान कोणी परत करतं का? घरी येऊन त्यांनी हळूच विचारलं, "अवं, लोक म्हणून राह्यले ते...?"

"लोकायले म्हणू द्या."

"पण कवा?"

"जेवा गुपचूप."

रविवारी व्यंकटेश आला, तर वेशीपासून घरापर्यंत त्याला तिघांनी धाकट्या भावाबद्दल विचारलं. त्याने आईकडे पाहिलं, आईने शपथेची आठवण करून देणाऱ्या डोळ्यांनी त्याच्याकडे. तो न जेवताच परत गेला. इकडे शकुबाईचं कैरीचं लोणचं भागीरथा दोन्ही वेळा चाटूनपुसून खात होती. "मामी, अजून हाय का?" म्हणून सासूला विचारायची. सोंग महाग पडत होतं, पण लोणचं बरोबर पोटात जात होतं.

गडबड झाली अकराव्या बाजाराच्या दिवशी. राहीबाई हापश्यावरून भरली घागर डोक्यावर घेत होती, तोच शकुबाई धावून आली. "अवं, या हालतीत? काऊन व भागीरथा, सासूले पाणी भरायले लावतं आन् सोता रिकामी उभी? लाज नाई वाटत?" तिने राहीबाईच्या हातातली घागर ओढली आणि ठेवली भागीरथेच्या डोक्यावर. पाच बाया बघत होत्या. भागीरथेने सासूकडे पाहिलं. राहीबाईच्या तोंडाशी शब्द आला होता. पण दोन बाजारच उरले होते. तिने तो गिळला. घागर घरापर्यंत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागीरथा परसातून आली ती भिंत धरून. "मामी, लाल दिसलं."

त्या दिवशी गंगामणी चौथ्या गावात. आदिलाबादची बस दुपारी. राहीबाई "जीप काढा!" म्हणत पारावर धावत गेली. पारावरचे सगळे उठून उभे. "वहिनी, धावू नका! धावू नका!" नागोरावाने हातातला चहा टाकला आणि जीप थेट दाराशी आणली. गाव असं कधी हललं नव्हतं. बायांनी सतरंजी अंथरली, चौघींनी राहीबाईला उचलून मागच्या बाकावर आडवं केलं, शकुबाई पदराने वारा घालू लागली. भागीरथेला सांगितलं, "तू पायापाशी उकिडवी बस, सासूचे पाय धर."

भागीरथा जीपच्या फळीला धरून चढू लागली. तिचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

राहीबाई उठून बसली.

"मले उतरवा. हिले निजवा."

"बाई, तुमी हलू नका—"

"माह्यं पोट रिकामं हाय, शकु! पन्नासाची म्हातारी मी, मले काय होते? दिवस हिले गेले हायेत. तिसरा महिना चालू हाय, अन् आज लाल दिसलं. आयकलं साऱ्यायनं? आता नजर लावायची असंन तं मले लावा, ही उभी हाव मी!"

अमृतराव हळूच दुसऱ्या रांगेत सरकले. शकुबाईच्या तोंडून एवढंच निघालं, "मंग कालची घागर..." आणि पुढचं न बोलता ती जीपमध्ये चढली, भागीरथेचं डोकं मांडीवर घेतलं. बेल्यापर्यंत प्रत्येक खड्ड्याला तिने नागोरावाच्या खानदानाची आठवण काढली.

आदिलाबादच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "याआधी कुठे दाखवलंय?" राहीबाईने बटव्यातून सुपारीच्या वासाचं कार्ड काढलं. रक्तगट, बीपी, बुधवार बुधवारचं सगळं त्यावर होतं. रक्त सातावरून नवावर आलेलं होतं. "सुरुवातीपासून?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "असं कार्ड घेऊन इतक्या लवकर कोणी येत नाही." मग मशीनवर पाहून म्हणाल्या, "ठोका आहे. पूर्ण विश्रांती. काही वाटलं तर लगेच यायचं."

"घागर उचलली होती, बाई," शकुबाई बारीक आवाजात म्हणाली.

"घागरीनंच झालं असं नाही. पण आता नको."

शकुबाई तिथेच खाली बसली आणि रडली. राहीबाईने तिला सुपारी दिली.

वेळ भरल्यावर मुलगी झाली. आता कोणी काय भरलं ते सांगून टाकू. शकुबाईची एक बरणी लोणचं आणि पुढे सहा महिने रोज दोन घागरी पाणी. नागोरावाचा दिवसभराचा धंदा आणि हातातला चहा. अमृतरावांची पारावरची जागा. चहाचा कप पुन्हा शेवटी येऊ लागला. व्यंकटेशला मित्र अजून 'थोरला' म्हणतात. भागीरथेने काय भरलं, ते आपल्याला कोणी विचारू नये. राहीबाईचे दोन बाजार कमी भरले, सासूची ताकीद मोडली, आणि बेल्यात वांगी निवडणाऱ्या बाया आता तिलाच विचारतात, "मावशी, तुमचं काय झालं मग?"

पाळणा शकुबाईकडूनच आला. कडी तशीच कुरकुरायची, भिंतीपलीकडे स्वच्छ ऐकू जायचं. पण पोरगी त्या आवाजाने दचकून उठायची. तीन दिवस राहीबाईने सोसलं. चौथ्या दिवशी स्टुलावर चढून कडीला स्वतःच्या हाताने तेल घातलं.