पुरळ नसलेली खाज

सुकन्याच्या बोटांच्या बेचक्यांत बारीक पुळ्या उठल्या, तेव्हा सासूनं आधी तिच्यापुढची परात ओढून घेतली. मग तिचं ताट वेगळं झालं, अंथरूण ओटीवर आलं आणि बघता बघता आळीभर झालं की दामूच्या सुनेनं माहेराहून खरूज आणली. तिचं माहेर वज्रेश्वरीजवळ. सासू चंद्रा भेटेल त्या बाईला सांगायची की तिकडच्या कुंडांत मुलखाचे रोगी अंग धुतात, त्या पाण्यात वाढलेली पोर दुसरं काय आणणार.

सुकन्या ऐकून घ्यायची. सासू नायट्यावर लावायची ती मेडिकलमधली ट्यूब तिनं चोरून लावून पाहिली. त्यानं खाज दबली, पण पुळ्या मनगटांवर आणि बेंबीभोवती पसरल्या. तिचा नवरा हरेश भिवंडीबाहेरच्या एका गोदामात पॅकिंगला होता. तोही शिफ्टवरून कमरेशी खाजवतच यायचा. विचारलं की म्हणायचा, गरमी हाय.

शेवटी तोच तिला भिवंडीत कातडीच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर मृणालीनं तिचे हात पाहिले आणि मग हरेशला शर्ट वर करायला लावला. त्याचं पोट, कंबर, सगळं भरलेलं होतं, आणि खपल्या जुन्या होत्या. गोदामात विश्रांतीला गादी कुणाची वापरता, असं तिनं विचारलं. जी असेल ती, हरेश म्हणाला. मग डॉक्टरनं नीट समजावलं. ही खरूजच आहे, डोळ्यांना न दिसणारा किडा कातडीत शिरून अंडी घालतो, घर कितीही स्वच्छ असलं तरी एका अंथरुणातून तो दुसऱ्याच्या अंगावर जातो. ती ट्यूब फेकून द्या. हे औषध मानेपासून तळपायापर्यंत लावायचं, आठवड्यानं पुन्हा, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, खाज असो वा नसो. कपडे, चादरी गरम पाण्यात काढायच्या.

"आमचे बाबा पण खाजवतात," सुकन्या म्हणाली. "पण त्यांच्या अंगावर एक पुळी नाही."

डॉक्टरनं लिहिता लिहिता मान वर केली. कुठे खाजतं? तळहात, तळपाय, मग सगळंच अंग, सुकन्यानं सांगितलं. लघवी पिवळी होते का? तिला सासऱ्यांचे लेंगे आठवले. ते तीच धुवायची आणि हल्ली त्यांवरचे डाग निघत नव्हते.

"पुरळ नसताना सगळं अंग खाजतं तेव्हा कधी कातडी नुसती कोरडी पडलेली असते," डॉक्टर म्हणाली. "पण कधी किडनी बिघडलेली असते, कधी लिव्हर. त्यांना उद्याच आणा. रक्त तपासलं पाहिजे."

जिना उतरताना हरेशनं तिचा हात धरला. लग्नानंतर घराबाहेर त्यानं असा हात धरला नव्हता. मलापण हाय ते आईला सांगू नको, तो म्हणाला, मी गुपचूप लावीन. तुला काय, चार शब्द बोलंल नि गप बसंल. सुकन्या कबूल झाली. एवढं झाकलं तर पुढं हा आपल्या बाजूनं उभा राहील, असं तिला वाटलं.

घरी तिनं नवऱ्याचं झाकून बाकीचं सगळं सांगितलं. औषधाचं ऐकून चंद्रानं तोंड फिरवलं. पण सासऱ्यांचं रक्त तपासायचं ऐकल्यावर ती उठून उभी राहिली.

"तुझी घाण त्यांना लागली, ती झाकायला लिव्हर काढतेस होय?"

हरेश मोबाइलमध्ये बघत होता. सुकन्यानं सासऱ्यांकडे पाहिलं. परातीचं प्रकरण होईपर्यंत दामू तिनं वाढल्याशिवाय जेवायला बसत नसे. पाठ भिंतीला घासत तो म्हणाला, "मला काय झाला न्हाय. हिला माहेरी धाडा, म्हंजे माझी पन थांबंल."

तिला धाडलं. माहेरी आईनं, भावानं, सगळ्यांनी तिच्याबरोबर औषध लावलं, चादरी उकळल्या, आणि हळूहळू तिची कातडी साफ झाली. दामूची खाज मात्र थांबली नाही. कुणीतरी गंधकाचं पाणी सांगितलं म्हणून हरेशनं त्याला रिक्षात घालून वज्रेश्वरीजवळच्या अकलोलीच्या गरम कुंडांवर आणलं. तिच्या माहेरावरूनच रिक्षा गेली, पण थांबली नाही. तिच्या भावानं पाहिलं आणि येऊन सांगितलं, तशी सुकन्या कुंडावर गेली.

दामू पायरीवर छातीभर पाण्यात बसला होता. अंगावर नखांचे ओरखडे होते आणि डोळे हळदीसारखे पिवळे.

"बाबा, तुमचे डोळे बघा. दवाखान्यात चला."

चंद्रा काठावर कपडे सांभाळत होती. तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, लांब व्हा रे, खरजुली हाय ती. पाण्यातल्या बायका सरकल्या. एकीनं आपलं मूल उचलून घेतलं. सुकन्यानं दोन्ही हात पसरून दाखवले, त्यावर एक डागही नव्हता. कुणी बघितलं नाही. हरेशनं तिला बाजूला घेऊन, घरी जा, तमाशा करू नको, असं सांगितलं. दामूनं ओंजळभर पाणी तोंडावर मारलं आणि तिच्याकडे पाठ केली.

काविळीचं गावठी औषध झालं, पथ्य झालं, आणि मग दामू ओटीवर चक्कर येऊन पडला तेव्हा त्याला दवाखान्यात नेलं. पित्त उतरायच्या वाटेवर गाठ होती आणि ती पसरली होती. आधी आणलं असतं तर काही करून पाहिलं असतं, असं म्हणून मोठ्या डॉक्टरांनी त्याला घरी न्यायला सांगितलं.

मग हरेशचा फोन आला. बाबांचं करायला कुणी न्हाय, आईच्या हाताला पुळ्या आल्यात. सुकन्या गेली. माहेरीही तिच्या राहण्याबद्दल आता कुजबुज सुरू झाली होती.

एका दुपारी घरात दोघंच होती. दामूनं पाठ खाजवायला सांगितलं. खरजुलीचा हात चालेल का, तिनं विचारलं. चालंल, तो म्हणाला. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. त्यानं पुन्हा विनवलं, मग पुन्हा. त्याचं विनवणं तिला गोड लागत होतं, आणि हे आपण जन्मात कुणाला सांगणार नाही हेही तिला ठाऊक होतं. पुरेसं ऐकून झाल्यावर तिनं पाठीला हात लावला. दामूनं डोळे मिटले.

"हरेशच्या अंगावर मी तुझ्या आधीच बघितलेला," तो म्हणाला. "मला ठाव होता कुणी आनला ते."

"मग बोलला का नाही?"

"पोरगा कसा टाकनार? सून दुसरी आनता येते."

हे त्यानं सहज सांगितलं, पेरणी कधी करायची ते सांगावं तसं. सुकन्यानं हात काढला, चादरीला पुसला आणि बाहेर येऊन दार लोटलं. तो बराच वेळ हाका मारत होता. ती तांदूळ निवडत बसली.

दामू श्रावणात गेला. भेटायला येणाऱ्याला चंद्रा सांगायची की सुनेच्या खरजेनं माझं कुंकू नेलं, आणि सांगताना स्वतःची मनगटं खाजवायची. सुकन्यानं एकदा चारचौघींत तोंड उघडलं, हरेशनंच आणली होती म्हणाली. हरेशनं शर्ट वर केला. त्याचं पोट केव्हाच साफ झालं होतं. बायका तिच्याकडे बघत राहिल्या.

तेरावं झाल्यावर हरेशनंच तिला वज्रेश्वरीच्या बसमध्ये बसवलं. आईचं मन शांत झालं की न्यायला येतो, म्हणाला. बस सुटायच्या आधीच तो वळला. दिवाळीनंतर भावाच्या कानावर आलं की हरेशसाठी मुली बघणं चाललंय. मुलीकडच्यांना सांगत होते, पहिलीला कातडीचा रोग होता.