उंच सीट

"मॅडम, सनरूफ तरी बघा," सेल्समन तिसऱ्यांदा म्हणाला.

"सनरूफ गेलं खड्ड्यात. पुढचं दार उघडा."

आमच्या घरात एकच गाडी आहे, तीही बुटकी. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेल्या माझ्या बाबांना दर दुसऱ्या दिवशी डायलिसिसला न्यायचं, म्हणजे नवऱ्यानं काम अर्ध्यावर टाकून यायचं आणि आम्ही दोघांनी मिळून बाबांना पोत्यासारखं तिच्यात कोंबायचं. ते कण्हतात, मी खेकसते. म्हणून ही दुसरी, छोटी पण उंच गाडी. माप घ्यायला बाबांनाच शोरूममध्ये आणलं होतं.

मी व्हीलचेअर दाराला लावली. बाबांनी डाव्या हातानं वरचं हँडल पकडलं, कंबर सरकवली आणि बसले. कुणाचा हात न लागता! जन्मभर ट्रक चालवलेला माणूस वर्षभरानं ताठ बसून समोरच्या काचेतून बघत होता.

"हीच द्या. कधी मिळेल?"

"चार महिने वेटिंग आहे, मॅडम."

तेवढ्यात बाहेर बुटक्या गाडीत थांबलेल्या नवऱ्यानं हॉर्न दिला. डायलिसिसची वेळ झाली होती.

"बाबा, उतरा."

त्यांनी हँडल आणखी घट्ट धरलं. "नाही."

"बाबा, हात जोडते."

"त्या गाडीत नको गं, पोरी."

सेल्समन त्यांच्या काखेत हात घालायला पुढे झाला. मी त्याला बाजूला सारलं, बाबांचं दार लावलं, वळसा घालून स्टिअरिंगसमोर बसले आणि आतून लॉक केलं.

तो काच ठोकत राहिला. बाहेर हॉर्न वाजत राहिला.